पुण्याच्या रस्त्यावर मी पुन्हा पहिलीत!

मुलांनो, "गाडी आली!" असं कोणी ओरडलं, तर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कोणाच्या डोळ्यांसमोर आगगाडी येईल, कोणाच्या मोटार. मी चिपळूण तालुक्यातल्या एका लहानशा गावात अकरा वर्षं शिक्षिका होते. आमच्या गावात गाडी म्हणजे एसटी! सकाळची गाडी, दुपारची गाडी आणि रात्री मुक्कामाला येणारी वस्तीची गाडी. या तीन गाड्यांच्या वेळांवर सगळं गाव चालायचं.

२०२३ च्या जून महिन्यात माझी बदली पुणे जिल्ह्यात झाली. ह्यांची नोकरी आधीपासून पुण्यातच होती. नव्या घरी सामान उतरवत होतो, तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं, "काय बाई, गाडी आहे ना तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "गाडी कशाला हवी काका? स्टॉपवर उभं राहिलं की मिळेलच की!"

काका हसत सुटले. पुण्यात गाडी म्हणजे स्कूटर नाहीतर मोटारसायकल, हे मला तेव्हा समजलं. म्हणजे बघा, मी मुलांना मराठी शिकवणारी बाई, आणि नव्या गावात पाऊल टाकताच पहिल्याच शब्दाचा अर्थ चुकला!

पण मी मधूनच सुरुवात केली. आधी प्रवासाबद्दल सांगते.

आमचं सामान एका टेम्पोत भरलं होतं. मागे कपाटाला टेकवून, दोरीनं करकचून बांधलेली माझी स्कूटर. आम्ही तिघं पुढे, चालकदादांच्या शेजारी. चिपळूण सोडलं की कुंभार्ली घाट लागतो. एका अरुंद वळणावर आम्ही चढत होतो आणि वरून एक ट्रक उतरत होता. आम्हाला बघून तो ट्रक कडेला थांबला. आमच्या चालकदादांनी हात वर केला, ट्रकवाल्यानंही हात वर केला आणि आम्ही पुढे निघालो.

"त्यांची ओळख आहे का हो तुमची?" आमच्या चिरंजीवांनी विचारलं. तो तेव्हा तिसरीत गेला होता.

"ओळख कसली रे बाळा! घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. भरलेली गाडी चढावर थांबली, तर पुन्हा उचलताना जीव जातो. उतरणाऱ्याचं काय, ब्रेक सोडला की निघाला!"

ही नुसती रीत नाही बरं का, वाहतुकीच्या नियमांतही हेच लिहिलेलं आहे. पण दादांनी ज्या सोप्या भाषेत ते सांगितलं, तसं कुठल्या पुस्तकात मी वाचलं नव्हतं.

पुढे पाटण, कऱ्हाड, सातारा करत आम्ही खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडलो. मग कात्रजचा नवा बोगदा ओलांडला आणि समोर पुणं दिसलं. आधी पुणं दिसलं, की आधी पुण्याच्या गाड्या दिसल्या? मला तर गाड्याच दिसल्या! पुढे गाड्या, मागे गाड्या, डावीकडून गाड्या, उजवीकडून गाड्या. आमच्या टेम्पोच्या आणि शेजारच्या बसच्या मध्ये हातभर जागा होती. त्या हातभर जागेतून एक स्कूटर सुळ्ळकन निघून गेली. तिच्यावर बसलेल्या मुलीचा सगळा चेहरा ओढणीनं गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे.

"आई, डाकू!" आमचा मुलगा ओरडला.

ती डाकू नव्हती. धुळीपासून आणि उन्हापासून बचाव म्हणून पुण्यात मुली, बायका असा स्कार्फ बांधतात. महिनाभरानं मीही बांधायला लागले. त्याची एक गंमतच झाली. एकदा सिग्नलला शेजारच्या गाडीवरून एक डाकू मला म्हणाली, "काय हो मॅडम, इकडे कुठे?" मी दोन मिनिटं गप्पा मारल्या, घरच्यांची चौकशी केली. पण ती कोण होती, ते मला आजतागायत कळलेलं नाही!

पहिल्या रविवारी मी गाडी काढली. आता मीही गाडी म्हणजे स्कूटरच म्हणते. मला अप्पा बळवंत चौकात जायचं होतं. तिथे पुस्तकांची दुकानंच दुकानं आहेत. ह्यांना मागे बसवलं आणि निघाले. स्वारगेटकडून बाजीराव रस्त्यानं छान सरळ पोचले. पुस्तकं घेतली. आल्या वाटेनं परत जावं म्हणून गाडी वळवली, तर समोरून सगळ्या गाड्या माझ्याच अंगावर! सगळे हॉर्न वाजवताहेत, एक आजोबा हातवारे करताहेत.

काय झालं होतं, माहीत आहे? बाजीराव रस्ता एकेरी आहे. त्यानं शनिवारवाड्याकडे जायचं आणि परत स्वारगेटकडे यायला शेजारचा शिवाजी रस्ता पकडायचा. डेक्कनलाही तसंच. फर्ग्युसन रस्त्यानं जायचं आणि जंगली महाराज रस्त्यानं यायचं. आमच्या गावात एकच रस्ता. तोच न्यायचा आणि तोच आणायचा. पुण्यात मात्र जायची वाट वेगळी, यायची वेगळी! त्या दिवशी मी पेठांमधून तासभर फिरले. ज्याला विचारावं, तो एकेका मारुतीचं नाव सांगायचा. सोन्या मारुती झाला, जिलब्या मारुती झाला, डुल्या मारुती झाला. सगळ्या मारुतींना मनोमन नमस्कार करत शेवटी एकदाची स्वारगेटला पोचले. एका वाड्याच्या दारावर पाटी होती, 'दारासमोर गाडी लावल्यास चाकातली हवा सोडण्यात येईल.' दम खायला तिथे थांबावं म्हटलं, तर तेही धाडस होईना!

आता गणिताची गोष्ट ऐका. पुण्यात काही रस्त्यांवर 'पी १' आणि 'पी २' अशा पाट्या असतात. विषम तारखेला 'पी १'च्या बाजूला गाड्या लावायच्या आणि सम तारखेला 'पी २'च्या. म्हणजे एक दिवस या बाजूला, दुसऱ्या दिवशी त्या बाजूला. सोपं आहे की नाही? मलाही सोपं वाटलं. मुलाच्या दाढेसाठी सदाशिव पेठेत दोन दिवस लागोपाठ जायचं होतं. पहिल्या दिवशी ३१ तारीख होती. ३१ विषम, म्हणून 'पी १'ला गाडी लावली. दुसऱ्या दिवशी मी ऐटीत समोरच्या बाजूला, 'पी २'ला गाडी लावली. बाहेर येऊन बघते, तर गाडी गायब!

तुम्हाला चूक सापडली का? ३१ नंतर येते १ तारीख. १ हीसुद्धा विषमच! महिना ३१ दिवसांचा असला की लागोपाठ दोन दिवस 'पी १'. सम-विषम संख्या मी अकरा वर्षं शिकवल्या, फळ्यावर शेकडो उदाहरणं घातली, आणि स्वतःच नापास झाले. दंड भरून गाडी सोडवली. येताना मुलगा दाढ धरून म्हणाला, "आई, मला बोलता येत नव्हतं, नाहीतर मी सांगितलं असतं."

त्या संध्याकाळी मी शेजारच्या काकांकडे गेले. काकांनी उभी हयात पीएमटीची बस चालवली. पीएमटी म्हणजे पुण्याची शहरबस. २००७ साली पिंपरी-चिंचवडची बससेवा आणि ती एक झाली आणि पीएमपीएमएल तयार झाली. काका म्हणाले, "बाई, घाबरू नका. हे एकेकाळी सायकलींचं गाव होतं. सकाळी कारखान्यांचे भोंगे वाजले की रस्त्यावर नुसत्या सायकली! मग १९७२ मध्ये लुना आली. चेतक स्कूटरही त्याच साली आली, आपल्या आकुर्डीच्या कारखान्यातली. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. सायकलीवरचा पुणेकर गाडीवर आला, पण त्याची सायकलची सवय काही गेली नाही. फट दिसली की घुसायचं!"

मग काकांनी मला तीन गोष्टी शिकवल्या. त्या तुम्हीही आईबाबांना सांगा.

पहिली गोष्ट. पुढच्या गाडीच्या वळायच्या दिव्यावर विसंबू नका, तिच्या पुढच्या चाकाकडे बघा. दिवा कधी कधी विसरून चालू राहतो, पण चाक जिकडे वळतं तिकडेच गाडी जाते.

दुसरी गोष्ट. रिक्षाच्या मागे दहा हात अंतर ठेवा. रस्त्यात कोणी हात केला की रिक्षा जागच्या जागी थांबते.

तिसरी गोष्ट. सिग्नल हिरवा झाला तरी मनात 'एक, दोन' म्हणा आणि मगच निघा. कारण आडव्या रस्त्यावरचा कोणीतरी शेवटचा घाईवाला अजून यायचा असतो.

काकांच्या शिकवणीनं मी हळूहळू सरावले. चौकातल्या वाहतूक पोलिसाला 'मामा' म्हणतात हे कळलं. हा मामा कधीकधी झाडाआडही उभा असतो, हेही कळलं. उड्डाणपुलाच्या खालून जायचं की वरून, हे आधीच ठरवावं लागतं, तेही कळलं. दिवाळीपर्यंत मी पक्की पुणेकर झाले. सिग्नलचे आकडे तीनवर आले की माझा हात आपोआप मुठीवर फिरायला लागला. 'एक, दोन' म्हणणं मी कधी विसरले, ते माझं मलाच कळलं नाही.

आणि मुलांनो, आता जे सांगणार आहे, ते सांगताना मला अजूनही बरं वाटत नाही. पण सांगायला हवं.

माझी शाळा खडकवासल्याच्या बाजूला आहे. शाळेजवळच्या रस्त्याला मध्ये दुभाजक आहे. शाळेच्या बाजूला यायचं तर पुढे पाऊण किलोमीटर जाऊन वळसा घ्यायचा आणि तेवढंच मागे यायचं. पण बरेच लोक असं करत नाहीत. ते कडेकडेनं उलट्या दिशेनं सरळ शाळेपर्यंत जातात. दोनशे मीटरचं तर अंतर! सुरुवातीला मला अशा लोकांचा राग यायचा. एक दिवस उशीर झाला होता, म्हणून मीही तशीच गेले. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी उशीर झाला नव्हता, तरीही गेले. मग रोजच जायला लागले.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. सकाळी नेहमीसारखी उलट्या दिशेनं येत होते. माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा रस्ता ओलांडायला कडेला उभा होता. त्यानं उजवीकडे नीट बघितलं. उजवीकडून काही येत नव्हतं. त्यानं रस्त्यात पाऊल टाकलं. आणि मी येत होते डावीकडून!

मी दोन्ही ब्रेक दाबले. गाडी घसरली, तिरकी झाली आणि त्याच्यापासून दोन हातांवर थांबली. तो घाबरून मागे पडला. त्याच्या पिशवीतला डबा उघडला आणि भाकरी रस्त्यावर पडली. त्याला खरचटलंसुद्धा नाही. माझा गुडघा फुटला, पण तेव्हा ते जाणवलंही नाही. तो उठला, माझ्याकडे बघितलं आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "मॅडम, मी उजवीकडे बघितलं होतं."

जुलै महिन्यात मीच त्यांना शिकवलं होतं. आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे बघा, पुन्हा उजवीकडे बघा आणि मगच ओलांडा. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात, म्हणून कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे पहिली गाडी उजवीकडूनच येते. दुभाजक असला तर या बाजूला डावीकडून काही यायलाच नको. त्यानं माझा धडा नीट पाठ केला होता. तो धडा खोटा ठरवला मी.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत माझा डबा मी त्याला दिला. त्यानं तो खाल्लाही. पण माझ्या मनाला चैन नव्हती. त्यानं वर्गात कोणाला काही सांगितलं नव्हतं. मला वाचवावं असंच बहुधा त्याला वाटलं असेल. मग शेवटच्या तासाला मीच सगळ्या वर्गाला जे घडलं ते सांगितलं. "चूक माझी होती. तुमच्या मित्रानं काहीच चुकीचं केलं नाही," असं म्हटलं. संध्याकाळी त्याच्या घरी गेले, त्याच्या आईवडिलांनाही सांगितलं. त्याची आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, आमचे हे पण तिकडूनच येतात. आता त्यांनाबी सांगते." मला ती रागावली असती, तर जास्त बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मैदानावर गणिताचा तास घेतला. तुम्हीही करून बघा. ताशी ३६ किलोमीटर वेग घ्या. ३६ किलोमीटर म्हणजे ३६,००० मीटर. एका तासाचे सेकंद ३,६००. भागाकार केला की उत्तर येतं १०. म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात १० मीटर जाते. समोर काही दिसलं, ते मेंदूला कळलं आणि हातानं ब्रेक दाबला, एवढ्यात साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी १० मीटर पुढे गेलेली असते! आम्ही मैदानावर फक्कीनं १० मीटरची रेघ आखली. एका टोकाला मी उभी राहिले, दुसऱ्या टोकाला मुलं. सगळे गप्प झाले. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, एवढ्या जागेत तर आमचा अख्खा वर्ग बसतो."

त्या दिवसापासून मी घरून सात मिनिटं लवकर निघते आणि वळसा घेऊन शाळेत येते. पहिले काही दिवस चारपाच मुलं फाटकापाशी उभी राहून बघायची. "मॅडम आज पण लांबून आल्या!" असं ओरडायची. आता ती पहारा देत नाहीत. मला त्याचा फार आनंद होतो.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला आम्ही लक्ष्मी रस्त्यावर गेलो. २०२१ सालापासून पुणे महापालिका त्या दिवशी पादचारी दिन साजरा करते आणि लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद ठेवते. एरवी जिथे पाय ठेवायला जागा नसते, तिथे आमचा मुलगा रस्त्याच्या मधोमध चालला. आधी चार पावलं टाकली आणि सवयीनं मागे वळून बघितलं. मागे कोणीच नव्हतं. मग हसला आणि दोन्ही हात पसरून पळत सुटला. शेजारून काठी टेकत एक आजी चालल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पळू दे गं त्याला. उद्या परत कुठे मिळणार आहे!"

आता मोठ्या ताई-दादांसाठी दोन शब्द. आठवीनववीत गेलं की गाडी चालवायचे हात शिवशिवतात. "एवढं कोपऱ्यापर्यंत तर जायचंय," असं आपण म्हणतो. पण १६ व्या वर्षी मिळणारा परवाना हा फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या गाडीसाठी असतो. घरातल्या नेहमीच्या स्कूटरी बहुतेक त्यापेक्षा मोठ्या असतात. त्या चालवायला १८ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. २०१९ साली कायदा कडक झाला. लहान मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. आणि हो, मागे बसणारा चार वर्षांहून मोठा असेल, तर त्यालाही हेल्मेट हवंच. आमचा मुलगा आधी हेल्मेटला नाकं मुरडायचा. मग त्यानं त्यावर स्वतःचं नाव आणि एक वाघ रंगवला. आता तो हेल्मेट घालून घरातही फिरतो!

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो. कुंभार्ली घाटात आम्ही उतरत होतो आणि खालून एसटी चढत होती. ह्यांनी आमची मोटार कडेला घेऊन थांबवली. एसटीच्या चालकानं हात वर केला. आम्ही तिघांनीही हात वर केला.

पुण्याला परतल्यावर मी ही कोकणातली सवय मुद्दाम चालू ठेवली. झेब्रा पट्ट्यांवर कोणी पाय टाकला की मी थांबते. मागून हॉर्न वाजतात, ते वाजू देते. ओलांडणारी बहुतेक माणसं खाली मान घालून घाईघाईनं पळतात. गाडी आपल्यासाठी थांबली आहे, यावर त्यांचा विश्वासच बसत नाही. पण मधूनच एखादे आजोबा, एखादी भाजीची पिशवी घेतलेली काकू, एखादं दप्तर पाठीवर असलेलं पोरगं माझ्याकडे बघतं आणि हात वर करतं.

मागच्या आठवड्यात शाळेसमोर एक दुचाकीवाला उलट्या दिशेनं येत होता. माझ्या वर्गातली तीन मुलं कडेला उभी होती. त्यांनी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे बघितलं आणि तो दिसताच थांबली. तो जवळ आल्यावर त्यातली एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, "काका, लांबून या ना! आमच्या मॅडम पण लांबून येतात!"

काका थांबले, थोडे ओशाळले आणि गाडीवरून उतरून ती हातानं ढकलत कडेनं गेले. उद्या ते कुठून येतील, ते मला सांगता यायचं नाही. पण मुलं फाटकापाशी उभी राहून बघणार आहेत, एवढं मात्र नक्की!